‘आठवड्याची खेळाडू’ म्हणजे नेमकं काय मिळालं?

सांगलीहून एका वडिलांनी विचारलं आहे: “माझी मुलगी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एका लहान ख्रिस्ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. व्हॉलीबॉल खेळते. गेल्या आठवड्यात ‘स्टुडंट-ॲथलीट ऑफ द वीक’ म्हणून तिचा फोटो आला. सर्टिफिकेट काही आलं नाही. याने शिष्यवृत्ती वाढते का? व्हिसाला किंवा परत आल्यावर इथल्या नोकरीला उपयोग होतो का? मार्कही बघतात का? आम्ही हिंदू आहोत, तर हा धार्मिक सन्मान आहे का? आणि तो पुन्हा मिळावा म्हणून तिने काय करायला हवं?”

आधी मुलीचं अभिनंदन. मी मूळचा नगरचा, मराठी ख्रिस्ती घरातला. गेली सतरा वर्षं अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या लहान ख्रिस्ती कॉलेजांत ‘स्पोर्ट्स इन्फर्मेशन’ नावाचं खातं सांभाळतो. सामन्यांचे आकडे ठेवणं, बातम्या लिहिणं, खेळाडूंची नावं सन्मानासाठी पाठवणं हेच माझं काम, त्यामुळे तुम्ही पाहिलेल्या त्या फोटोमागची खटपट मी शेकडो वेळा केली आहे. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतांशी ‘नाही’ अशीच आहेत. तरी हा सन्मान कसा ठरतो ते समजून घ्या, म्हणजे त्याला किती किंमत द्यायची हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

पहिल्यांदा फोटोवरचं बोधचिन्ह बघा. ‘आठवड्याची खेळाडू’ हे एकच बिरुद नाही, ते तीन वेगवेगळ्या दारांतून येतं. कॉलेज स्वतः आपल्या दोन खेळाडूंना दर आठवड्याला निवडतं, ते सगळ्यात घरगुती. त्यावर कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी नेमाने खेळणाऱ्या आठ-दहा कॉलेजांचा गट. इंडियानात टेलर, ग्रेस, बेथेल, हंटिंग्टन, इंडियाना वेस्लियन अशी कॉलेजं ‘क्रॉसरोड्स लीग’ या गटात खेळतात. हा गट १९५९ पासूनचा, हे नाव मात्र २०१२ मध्ये मिळालं. आणि सगळ्यात वर राष्ट्रीय संघटना. त्यातल्या दोन तुमच्या कामाच्या. एक ‘एनएआयए’, लहान कॉलेजांची संघटना, कॅन्सस सिटीत १९३७ साली भरलेल्या बास्केटबॉल स्पर्धेतून वाढलेली. दुसरी ‘एनसीसीएए’, म्हणजे ख्रिस्ती कॉलेजांची स्वतःची राष्ट्रीय क्रीडा संघटना. ती १९६८ ची, तिचं कार्यालय साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल शहरात आहे. तिचे दोन विभाग आहेत. दुसऱ्या विभागात मुख्यतः बायबल कॉलेजं येतात आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत.

गंमत अशी की बरीच ख्रिस्ती कॉलेजं एकाच वेळी दोन्ही संघटनांची सभासद असतात. म्हणून एकाच आठवड्यातल्या त्याच तीन सामन्यांच्या जोरावर मी एकाच मुलीचं नाव कॉन्फरन्सला, एनएआयएला आणि एनसीसीएएला पाठवू शकतो. कधी तिन्हीकडून होकार येतो, कधी कॉन्फरन्समध्ये डावललेली मुलगी एनसीसीएएच्या यादीत झळकते, कारण तिथे स्पर्धक वेगळे असतात. मग आईवडील विचारतात, “राष्ट्रीय मिळालं, मग गटात कसं नाही?” असं होतं, आणि त्यात कुणाचा डाव नसतो.

आता हे ठरतं कसं. आपल्याकडे सामनावीर निवडायला कुणीतरी समालोचक मैदानावर बसलेला असतो, त्याने सामना पाहिलेला असतो. इथे निवडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तुमच्या मुलीचा एकही सामना पाहिलेला नसतो. आठवडा सोमवार ते रविवार धरतात. सोमवारी सकाळी ठरलेल्या वेळेच्या आत प्रत्येक कॉलेजने आपलं नाव, आकडे आणि तीन-चार ओळींचं कारण पाठवायचं. मग कुठे कॉन्फरन्सचा कर्मचारी निवडतो, तर कुठे माझ्यासारखीच बाकीच्या कॉलेजांतली माणसं मतं देतात. आणि कॉलेजाने नाव पाठवलंच नाही, तर त्या आठवड्यात तुमच्या मुलीने डोंगर हलवला तरी तिचा विचार होत नाही.

ख्रिस्ती कॉलेजांत यात आणखी एक पेच असतो. आमच्यातली काही कॉलेजं रविवारी खेळत नाहीत, रविवारी कामही करायचं नाही अशी अपेक्षा असते. सामना शनिवारी दुपारी किंवा रात्री संपतो आणि अर्ज सोमवारी सकाळी हवा असतो. मधला दिवस देवाचा. त्यामुळे मी वर्षानुवर्षं हे अर्ज शनिवारी रात्री अकरा-बाराच्या सुमारास लिहिले आहेत. जिममधले दिवे बंद होत असतात, झाडलोट करणारी मुलं खुर्च्या आवरत असतात आणि मी लॅपटॉपवर “तिने चार सामन्यांत...” अशी सुरुवात करत असतो. दमलेल्या माणसाने मध्यरात्री लिहिलेल्या चार ओळी, हे तुमच्या मुलीच्या सन्मानाचं मूळ. मी हे कमी लेखायला सांगत नाही. कुणीतरी जागून तिचं नाव लिहिलं, एवढं खरं आहे.

आकड्यांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे आणि मुलीशी फोनवर बोलायलाही ते उपयोगी पडेल. आपल्याकडे आपण स्मॅश म्हणतो. त्यावर थेट गुण मिळाला की इथे तो ‘किल’ धरतात. समजा तुमच्या मुलीने आठवड्यात १२० वेळा हल्ला केला, ६२ किल मिळाले, १४ वेळा चेंडू जाळ्यात किंवा बाहेर गेला. किलमधून चुका वजा करायच्या आणि एकूण हल्ल्यांनी भागायचं: ४८ भागिले १२०, म्हणजे .४००. दुसऱ्या कॉलेजातल्या मुलीने ७० किल मारले, पण ३० चुका केल्या आणि त्यासाठी १७५ हल्ले घेतले. तिचं येतं ४० भागिले १७५, साधारण .२२९. वरवर बघणारा ७० ला भुलेल, या कामात मुरलेला माणूस ६२ वालीला मत देईल. त्यात आणखी सेटचा हिशेब आहे. ६२ किल १४ सेटमध्ये म्हणजे सेटमागे ४.४३, आणि ७० किल १७ सेटमध्ये म्हणजे ४.१२. सामने तीन सेटमध्ये जिंकणाऱ्या संघाच्या मुलीचे एकूण आकडे नेहमी कमी दिसतात, कारण तिला खेळायलाच कमी मिळतं. म्हणून अर्जात ‘सेटमागे’ हा शब्द घालायचा की नाही, यावर अनेकदा निकाल फिरतो. मी कुठला आकडा पहिल्या ओळीत ठेवतो तेही त्यावरूनच ठरतं. ही थोडीशी वकिली आहे, मान्य करतो.

मग प्रतिस्पर्धी. दुबळ्या संघाविरुद्धचे २५ किल आणि मानांकित संघाविरुद्धचे १५ यांत मी दुसऱ्याच्या बाजूने असतो, पण मतदारांना ते पटवून द्यावं लागतं. मिशिगनमध्ये होप आणि कॅल्विन ही दोन रिफॉर्म्ड, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाच्या, परंपरेची कॉलेजं एकमेकांपासून पाऊण तासाच्या अंतरावर आहेत आणि १८८८ साली स्थापन झालेल्या एकाच कॉन्फरन्समध्ये खेळतात. महिलांच्या व्हॉलीबॉलमध्ये एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात मोठ्या राष्ट्रीय संघटनेच्या, तिसऱ्या विभागाचं राष्ट्रीय विजेतेपद कॅल्विनने २०१०, २०१३ आणि २०१६ ला जिंकलं, मध्ये २०१४ ला होपने. त्या वर्षांत त्या गटात ‘आठवड्याची खेळाडू’ होणं म्हणजे काय हे सांगायला नको. दुसऱ्या एखाद्या गटात दोनच बरे संघ असतात आणि सन्मान त्यांच्यातच फिरत राहतो. दोन्हीकडचा फोटो मात्र सारखाच दिसतो.

मुलगी कुठल्या जागेवर खेळते ते तुम्ही लिहिलेलं नाही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं की बचाव करणाऱ्या मुलींचं दुःख वेगळंच असतं. पुष्कळ ठिकाणी आता हल्ला, बचाव आणि सेटर (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी) असे तीन वेगळे साप्ताहिक सन्मान देतात, ही चांगली सुधारणा आहे. पण लिबेरोने, म्हणजे फक्त बचावासाठी असलेल्या खेळाडूने, उचललेला चेंडू, म्हणजे ‘डिग’, मोजणं फार माणसागणिक बदलतं. एका जिममध्ये हाताला लागून वर उडालेला प्रत्येक चेंडू डिग, तर दुसऱ्या जिममध्ये हल्ल्यावरचाच धरणार. नियम एकच असला तरी कोर्टाकडेला बसणारे विद्यार्थी असतात, एक ओरडून सांगतो, दुसरा टाइप करतो, आणि बऱ्याचदा त्यातला एक पिझ्झाही खात असतो. पासिंग चांगलं असलेली मुलगी तर आकड्यांत दिसतच नाही. तिच्यामुळे सेटरला चेंडू डोक्यावर नीट मिळतो, सेटरमुळे स्मॅश मारणारीला, आणि फोटो शेवटच्या मुलीचा लागतो. आपल्या गावाकडच्या व्हॉलीबॉलमध्येही नाव स्मॅश मारणाऱ्याचंच होतं, तेव्हा याचं खापर अमेरिकेवर फोडत नाही.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. माझं पहिलं वर्ष होतं. आमच्या संघाकडे घरची जर्सी वेगळी आणि बाहेरगावची वेगळी, आणि लहान कॉलेजात जुने-नवे संच एकत्र वापरल्यामुळे दोन मुलींचे नंबर दोन्ही संचांत उलटे होते. घरी ७ असलेली बाहेर १७, आणि १७ वाली ७. बाहेरगावच्या स्पर्धेला मी गेलो नाही, यजमानांना खेळाडूंची यादी पाठवली ती घरच्या नंबरांची. तीन सामने झाले. एका मुलीचे सगळे ४१ किल दुसरीच्या नावावर पडले. मी शनिवारी रात्री आकडे बघितले, आश्चर्य वाटलं, आनंदही झाला, आणि ज्या मुलीने त्या स्पर्धेत जेमतेम एक सेट खेळला होता तिचं नाव पाठवून दिलं. तिला कॉन्फरन्सचा सन्मान मिळाला. मंगळवारी सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात उभी. म्हणाली, “ती मी नाही.”

आम्ही आकडे दुरुस्त केले, कॉन्फरन्सला कळवलं, सन्मान काढून घेतला गेला. मला वाटलं होतं की तो आमच्याच खऱ्या मुलीला देतील. पण तिच्या नावाचा अर्ज वेळेत आलेलाच नव्हता, त्यामुळे तो मतांत दुसऱ्या आलेल्या दुसऱ्याच कॉलेजच्या मुलीकडे गेला. आमची मुलगी चार वर्षं खेळली आणि तो सन्मान न मिळताच पदवी घेऊन गेली. तिने मला ते कधी बोलून दाखवलं नाही. तिच्या आईने मात्र प्रत्येक घरच्या सामन्याला दाखवलं, आणि तिचं बरोबर होतं. तेव्हापासून बाहेरगावचे आकडे आले की मी प्रशिक्षकाला फोन करून विचारतो, “हे खरंच झालं ना?” याला दोन मिनिटं लागतात.

आता धर्माचं. तुमच्या प्रश्नातला तो भाग संकोचाने लिहिलेला दिसतो, संकोच करू नका. साप्ताहिक सन्मान मुख्यतः खेळावरच दिला जातो. मी आजवर भरलेल्या एकाही साप्ताहिक अर्जात खेळाडूच्या धर्माचा रकाना नव्हता. माझ्या हाताखालून हिंदू, मुसलमान आणि काहीच न मानणाऱ्या खेळाडूंची नावं गेली आहेत आणि आली आहेत. कॉलेजांचे नियम मात्र वेगवेगळे असतात. इलिनॉयमधल्या व्हीटनसारख्या कॉलेजात प्रत्येक विद्यार्थ्याला ख्रिस्ती जीवनाच्या एका करारावर सही करावी लागते, कॅल्विनमध्ये विद्यार्थ्यांवर तशी अट नाही. तुमच्या मुलीने प्रवेश घेताना काय सही केली ते तिला माहीत असेल. चॅपलला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला हजेरी सक्तीची आहे का, तेही कॉलेजगणिक बदलतं. सक्तीची असेल आणि ती चुकवत असेल, तर त्याचा परिणाम खेळावरही होऊ शकतो, तेवढं मात्र तिला विचारा.

फरक पडतो तो वार्षिक सन्मानांत. एनसीसीएएच्या वर्षाअखेरच्या काही पुरस्कारांत खेळाबरोबर सेवा आणि श्रद्धेची साक्षही बघतात. तिथल्या अर्जावर मी “उन्हाळ्यात संघाबरोबर मिशन ट्रिपला गेली, दर बुधवारी शाळेतल्या मुलांना शिकवते” असं लिहितो. मुलीने मुलांना शिकवण्याचं काम केलं असेल तर ती सेवाच आहे, ती लिहायला सांगा. श्रद्धेविषयी खोटं काही लिहायला सांगू नका, कुणी सुचवलं तरी.

बातमीत तिचं जे वाक्य छापून येतं, त्याविषयीही सांगतो. ख्रिस्ती कॉलेजातल्या खेळाडूचं ठरीव वाक्य असतं: सगळं श्रेय देवाला, मग सहकाऱ्यांना, मग प्रशिक्षकांना. हे वाक्य मनापासून म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत आणि सवयीने म्हणणारीही. आम्ही लोक एकीकडे नम्रता शिकवतो आणि दुसरीकडे दर सोमवारी आपल्या मुलांची जाहिरात करतो, ही ओढाताण खरी आहे. तिच्यावर तोडगा मला मिळालेला नाही. मी एवढंच करतो की वाक्य मी लिहून देत नाही, खेळाडूला स्वतःच्या शब्दांत विचारतो. एकदा केनियाची एक धावपटू म्हणाली, “मला थंडी वाजत होती म्हणून जोरात पळाले.” ते मी तसंच छापलं. कॉलेजच्या अध्यक्षांना आवडलं नाही, गावाला फार आवडलं.

एक आडवळण घेतो. इंडियानातल्या अपलंड गावी टेलर विद्यापीठात डिसेंबरमध्ये परीक्षांच्या आधी बास्केटबॉलचा एक सामना होतो. ‘सायलेंट नाइट’ त्याचं नाव. जिम खचाखच भरलेली असते, मुलं चित्रविचित्र पोशाख घालून येतात, आणि टेलरचा दहावा गुण होईपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढत नाही. बुटांची करकर ऐकू येते. दहावा गुण झाला की छप्पर उडतं. आणि रात्र नाताळच्या गाण्याने संपते. तो दहावा गुण करणाऱ्या मुलाचं नाव कॅम्पसवर ज्या प्रेमाने घेतलं जातं, तसं कुठल्याही साप्ताहिक सन्मानवाल्याचं घेतलं जात नाही. मुलीला वेळ मिळाला तर एकदा बघून यायला सांगा, फार लांब नसेल.

आणि व्हॉलीबॉल हा खेळच मुळात ख्रिस्ती संस्थेतून आलेला आहे, हे तिला सांगा. १८९५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गन यांनी तो काढला. बास्केटबॉल त्याआधी चार वर्षं, १८९१ मध्ये, जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये वायएमसीएच्याच जेम्स नेस्मिथ यांनी. आपल्याकडेही मद्रासचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज १९२० साली वायएमसीएच्या हॅरी बक यांनी काढलं. आमच्या नगरला मिशन कंपाउंडच्या मैदानावर जाळं बांधलेलं मी लहानपणापासून पाहत आलो, तिथे संध्याकाळी खेळायला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त पोरं चर्चच्या बाहेरचीच असत.

पैशांचं. हा सन्मान मिळाला म्हणून शिष्यवृत्ती आपोआप वाढत नाही. एनएआयएची कॉलेजं खेळासाठी आर्थिक मदत देऊ शकतात आणि तो करार बहुधा वर्षावर्षाने होतो, तो प्रशिक्षकाच्या हातात असतो. प्रशिक्षक तिला रोज बघतो, त्याला माझ्या चार ओळींची गरज नसते. एनएआयए सोडून एनसीएएच्या तिसऱ्या विभागातलं कॉलेज असेल, तर तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायलाच बंदी आहे. मग सन्मानाचा उपयोग कुठे होतो? कॉलेज बदलायचं झालं तर दुसऱ्या ठिकाणचे प्रशिक्षक आधी नाव शोधतात, तेव्हा या बातम्या समोर येतात. तसंच पुढे मास्टर्स करताना ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ म्हणून एखाद्या संघाबरोबर काम मागितलं तर.

व्हिसाच्या बाबतीत मात्र सावध राहा. सन्मानाने एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांच्या, व्हिसाला काही फायदा नाही. ‘असाधारण क्षमता’ वगैरे वर्गांतल्या ग्रीन कार्डची स्वप्नं कुणी एजंट या फोटोवर दाखवत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. उलट धोका आहे तो वेगळाच. फोटो आल्यावर गावातलं एखादं हॉटेल किंवा जिम म्हणतं, आमच्यासाठी इन्स्टाग्रामवर एक पोस्ट टाक, शंभर डॉलर देऊ. अमेरिकन मुलांना हे आता चालतं. एनएआयएने २०२० च्या ऑक्टोबरात आणि एनसीएएने १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर कमवायची मुभा दिली. पण खेळाच्या संघटनेची परवानगी वेगळी आणि व्हिसाची वेगळी. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याने कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय केलेलं काम व्हिसाच्या मुळावर येऊ शकतं. पोस्ट टाकण्याआधी तिने परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारायलाच हवं. फुकट जेवणाचं कूपन असलं तरी.

महाराष्ट्रातल्या नोकरीचं आपल्या मनात येणं स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे खेळाचं सर्टिफिकेट म्हणजे दहावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण. पण तिथे मान्यताप्राप्त स्पर्धेतला सहभाग आणि क्रमांक बघतात. साप्ताहिक सन्मान हा कुठल्याही स्पर्धेतला क्रमांक नव्हे, त्यावर विसंबू नका. खासगी कंपनीच्या मुलाखतीत मात्र ती सांगू शकते, आणि तिथे लोक ऐकतात.

मार्कांविषयी. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द ऐकून वाटतं की अभ्यासही बघत असतील. या शब्दाचा इतिहास तसा फार सात्त्विक नाही. १९५० च्या दशकात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी तो रुजवला, आणि त्यामागचं एक कारण म्हणजे जखमी खेळाडूंनी कामगार म्हणून भरपाई मागू नये. आमच्या कॉलेजांनी तो मनापासून घेतला, हेही खरं. पण साप्ताहिक सन्मानांत सहसा मार्क नसतात. ते येतात वार्षिक ‘स्कॉलर-ॲथलीट’ यादीत, जिच्यासाठी ठरलेला जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी लागते आणि कितव्या वर्षात असावं याचीही बहुधा अट असते. साप्ताहिक आणि वार्षिक असे दोन फोटो शेजारी ठेवले, तर माझ्या मते नोकरी देणारा दुसऱ्याकडे बघेल. तुमची मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे आत्ताच तो जीपीए सांभाळण्याची वेळ आहे.

तिथे एक गोष्ट तुम्हाला खटकेल. १९७४ च्या एका कायद्यामुळे कॉलेज तिचे मार्क तिच्या लेखी संमतीशिवाय जाहीर करू शकत नाही, आणि सहसा तुम्हालाही कळवत नाही. फी तुम्ही भरली असली तरी. तिची उंची, तिचा संघ, तिला मिळालेले सन्मान हे मात्र मी सहसा न विचारता छापू शकतो. त्यामुळे स्कॉलर-ॲथलीटच्या यादीसाठी माझ्यासारखा माणूस सही मागायला आला तर तिने तो कागद बाजूला ठेवू नये. सही नसल्याने अडकलेली नावं मी पाहिली आहेत.

आता पुन्हा मिळावा म्हणून काय करायचं. खेळाचं तिचे प्रशिक्षक सांगतील. माझ्या बाजूने सांगण्यासारखं मुख्य काम म्हणजे तिचं नाव. आपल्याकडच्या पासपोर्टावर मुलीच्या नावाच्या रकान्यातच पुष्कळदा वडिलांचं नाव असतं. कॉलेजच्या संगणकात ते जसंच्या तसं जातं आणि मग संघाच्या यादीत तिच्या नावापुढे तुमचं नाव छापलं जातं. एका जिममध्ये मी स्वतः ध्वनिक्षेपकावर “सर्व्हिसला, संजय!” असं ऐकलं आहे आणि कोर्टवरची बिचारी मुलगी वडिलांच्या नावाने सर्व्हिस करत होती. त्याहून वाईट म्हणजे एका मोसमात एका पद्धतीने आणि पुढच्या मोसमात दुसऱ्या पद्धतीने नाव आलं, तर आकड्यांच्या संगणकात ती दोन वेगळ्या मुली होते आणि तिची कारकीर्द दोन तुकड्यांत पडते. तिने स्पोर्ट्स इन्फर्मेशनच्या खोलीत जाऊन आपलं नाव कसं छापायचं ते एकदाच लिहून द्यावं. उच्चारही सांगावा. जाधवचं ‘जॅडहॅव’ होऊ द्यायचं नसेल तर फोनवर रेकॉर्ड करून पाठवावा, मी तसे मागूनच घेतो. गावही नीट लिहावं. ‘पुणे’ लिहिलं की सोपं पडतं म्हणून पुष्कळ मुलं पुणं लिहितात. सांगली असेल तर सांगली लिहा.

दुसरं, तिने प्रत्येक सामन्यानंतर आपले आकडे पाच मिनिटं तपासावेत. माझी गोष्ट वाचलीतच. एखादा किल नोंदवायचा राहिला असेल, सर्व्हिसचा थेट गुण दुसरीच्या नावावर पडला असेल, तर सोमवार सकाळच्या आत सांगावं. यात इथे कुणाला उद्धटपणा वाटत नाही. आपल्याकडच्या मुलांना वाटतं, कारण आपण सरांना चूक दाखवत नाही. मला मात्र अशी मुलं आवडतात, माझं काम हलकं होतं.

आणि राहिलं सर्टिफिकेट. ते आलं नाही म्हणून रुखरुख लागू देऊ नका, पुष्कळ ठिकाणी ते छापतच नाहीत. बातमी आणि समाजमाध्यमांवरचा चौकोनी फोटो एवढंच असतं. पण कॉलेजं वेबसाइट बदलतात आणि जुन्या बातम्यांचे दुवे मरतात, म्हणून ते पान आजच पीडीएफ करून ठेवा, सामन्यांच्या आकड्यांच्या पानांसह. कागद हवाच असेल तर मुलीला त्या खोलीत जाऊन मागायला सांगा. कॉलेजच्या लेटरहेडवर तारीख, आठवडा, आकडे आणि सही अशा चार ओळी कुणीही दहा मिनिटांत देईल. मी अशी पत्रं पुष्कळ दिली आहेत. त्यातली बहुतेक भारतातल्या आणि ब्राझीलमधल्या आईवडिलांसाठी होती. एका आईने ते लॅमिनेट करून घरात भिंतीवर लावलं आहे असं तिच्या मुलाने मला सांगितलं, आणि मग लाजत विचारलं की अजून एक प्रत मिळेल का, आजीलाही हवी आहे.